कच्च्या टाक्यांचा आठवडा

तात्यांच्या ओठांत तीन टाचण्या होत्या, म्हणूनच मला एवढं सलग बोलायला मिळालं. एरवी माझे सासरे कुणाला दोन वाक्यं धड पुरी करू देणाऱ्यांतले नव्हते. मी उंबऱ्यातच उभी राहून घराचं वर्णन करत होते. स्वयंपाकघरात ओट्याला लागून नळ, संडास-बाथरूम घरातच, मागं चार कुंड्या ठेवण्यापुरती मोकळी जागा आणि वर गच्ची. तात्या मशीनवर वाकून कुणाच्या तरी शर्टाची बाही टाचत होते. मधूनच चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. पूर्वा, माझी सात वर्षांची मुलगी, गच्चीवरून शाळेचं मैदान दिसतं हे चौथ्यांदा सांगत होती.

माझं सांगून झाल्यावर तात्यांनी एकेक टाचणी ओठांतून काढून बाहीत खोचली आणि मुकुंदना विचारलं, “इसार कधी द्यायचाय?”

“पुढच्या सोमवारी.”

“मग आठवडा हाय की. कापायच्या आधी कच्चं टाचून बघू.”

मुकुंद म्हणजे माझा नवरा. इथं नाव लिहायला बरं वाटतं, कारण घरात मी ते उखाण्यापलीकडे कधी घेतलं नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. नळ चौकात, संडास गल्लीच्या टोकाला. मुकुंद उद्यमनगरात एका फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करायचे. सायकलीवर टांग टाकली की पोचले. मी मात्र कागलजवळच्या एका गावात शाळेत शिकवत होते आणि सहा वर्षं एसटीनं जात-येत होते. नवं घर त्याच गावाच्या कडेला, नव्यानं पडलेल्या कॉलनीत होतं. तिथून माझी शाळा हाकेच्या अंतरावर. म्हणजे ते घर घेतलं की माझी एसटी सुटणार आणि तेवढाच रस्ता मुकुंदच्या गळ्यात पडणार, असा तो सौदा होता.

तात्यांचं ‘कच्चं टाचणं’ सगळ्या पेठेला ठाऊक होतं. पतंगे टेलरांकडे कपडा टाकला की आधी पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब कच्चे टाके घालून अंगावर चढवून बघायचा. कुठं ओढतंय, कुठं झोळ येतोय ते बघून मगच पक्की शिलाई. त्यापायी एका नवरदेवाचा कोट वेळेत झाला नाही आणि तो पाठीवर पांढरे टाके घेऊनच बोहल्यावर चढला, असं पेठेत अजून सांगतात. तात्यांना ही गोष्ट कुणी ऐकवली तर ते म्हणायचे, “पण बसला होता कसा, ते सांगा की.”

तर घराची ट्रायल त्यांनी अशी ठरवली. दुसऱ्या दिवसापासून मुकुंदनी त्या घरात राहायला गेल्यासारखं वागायचं. मित्राची मोटरसायकल आठवडाभर मागून आणायची. सकाळी आधी त्या घराच्या दारापर्यंत जायचं, दाराला हात लावायचा आणि तिथून कामाला निघायचं. संध्याकाळी कामावरून पहिल्यांदा त्या दारात, मग इकडे. मी म्हटलं, ह्यात त्यांना दुप्पट हेलपाटा पडतोय. तात्या म्हणाले, टाके दुप्पटच घालावे लागतात, नंतर उसवायचेच असतात.

“आणि दुपारी डबा,” ते म्हणाले, आणि पुन्हा बाहीवर वाकले.

खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला. सहा वर्षं मी एका हातात पिशवी आणि एका हातानं दांडी धरून त्याच रस्त्यानं जात होते, तेव्हा कुणी तो रस्ता असा कच्चा टाचून बघितला नव्हता. पण त्या घरात माझा जीव अडकला होता तो नळासाठी नाही आणि गच्चीसाठीही नाही. मी घरी पोचायचे तेव्हा दिवे लागलेले असायचे. पूर्वानं तिच्या दिवसाची सगळी कहाणी तोवर तात्यांना सांगून टाकलेली असायची. कोण पडलं, कुणाचा डबा सांडला, बाई कुणावर रागावल्या. मी विचारलं की म्हणायची, “सांगितलं की तात्यांना.” तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला तिला कंटाळा यायचा. माझ्या मुलीची बातमी मला रोज शिळी मिळायची, आणि ते मला फार लागायचं. नव्या घरी गेलो तर ती माझ्याच शाळेत येणार होती, माझा हात धरून घरी परतणार होती. ह्याच्यासाठी मी कुणाला कितीही किलोमीटर पळवायला तयार होते.

सोमवारी संध्याकाळी मुकुंद परतले ते हसतच. हातात ऊस होता, चांगला मनगटाएवढा जाड, वर शेंड्याचं हिरवं वाढं तसंच. पूर्वानं तो जवळजवळ हिसकावूनच घेतला.

“कसं काय?” तात्यांनी विचारलं.

“काय नाही हो. हायवेचं काम चाललंय, तिथं धूळ आहे. पण मला आतला रस्ता गावला. गावागावांतनं जातो. एकदम मोकळा. शीळ घालत गेलो आणि आलो.”

“कुठं ओढतंय?”

“कुठंच नाही.”

तात्यांनी मान हलवली. मी त्यांना विचारलं, दुपारी जेवलात का नीट? मी सकाळी भाकरी-भाजी करून झाकून जायचे. एरवी साडेबाराला मुकुंद घरी यायचे आणि बापलेक बरोबर जेवायचे. सासूबाई गेल्यापासून हा नेम होता. मी त्या वेळी शाळेत असल्यामुळे ती जेवणं मी कधी पाहिली नव्हती. शनिवारी माझी शाळा सकाळची असली तरी मी पोचेपर्यंत त्यांची ताटं धुऊन पालथी घातलेली असत. तात्या म्हणाले, “जेवलो की. बघ, भांडं रिकामं हाय.” आणि भांडं खरंच रिकामं होतं.

मंगळवारी तेच, बुधवारी तेच. रोज रस्ता मोकळा, रोज ऊस आणि रोज भांडं रिकामं. घरात एवढं सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं की मला थोडी शंका यायला हवी होती. पण माणसाला हवं ते ऐकू आलं की त्याचे कान फार चौकशी करत नाहीत. मी मनातल्या मनात त्या स्वयंपाकघरात डबे मांडायला लागले होते. हळदीचा डबा खिडकीशी नको, ऊन लागेल, इथपर्यंत माझं ठरलं होतं.

गुरुवारी मुकुंद अंधार पडल्यावर आले. म्हणाले, काम जास्त होतं. जेवताना त्यांचा डोळा लागला आणि घास हातातच राहिला. पूर्वा हसली म्हणून ते जागे झाले आणि तेही हसले. तात्या हसले नाहीत.

शुक्रवारी सकाळी मी द्वारकाकाकूंकडे दूध आणायला गेले. काकूंच्या म्हशी आमच्या गल्लीच्या तोंडाशीच बांधलेल्या असायच्या. धार काढता काढता काकू म्हणाल्या, “तुझा सासरा लई दानशूर झालाय गं.”

“का हो?”

“आमच्या म्हशीला रोज दुपारी ताजी भाकरी मिळायलीय. कालच्याला वांग्याची भाजी होती न्हवं? म्हशीनं भाकरी खाल्ली, वांगी ठेवली. तिला वांगं सोसत न्हाई.”

मी दुधाचं भांडं घेऊन घरी आले. भाजी कालची वांग्याचीच होती. तात्यांना काही विचारलं असतं तर त्यांनी म्हशीलाच खोटं पाडलं असतं, म्हणून मी शनिवारची वाट बघायचं ठरवलं.

शनिवारी मी शाळा सुटल्यावर पहिली मिळेल ती एसटी पकडली. उभ्यानं आले, पण आले. गल्लीत शिरले तर तात्या म्हशीपुढं उभे. डाव्या हातात दुमडलेली भाकरी, उजव्या हातानं तिच्या कपाळावर थोपटतायत. सोबत काहीतरी बोलणंही चाललं होतं. मला बघून त्यांनी उरलेली भाकरी पटकन म्हशीच्या तोंडात कोंबली.

“लवकर आलीस?”

“एसटी लवकर मिळाली. जेवलात?”

“हे काय, आत्ताच.” आणि त्यांनी ढेकरही दिला. त्यांच्याइतका चांगला खोटा ढेकर मी पुढं कधी ऐकला नाही.

मी आत गेले. पाटाशेजारी दोन ताटं मांडलेली होती. एक त्यांचं आणि त्याच्यासमोर एक मुकुंदचं, सवयीनं मांडलेलं. दोन्ही कोरडी. हातपाय धुतले, पटकन स्टोव्ह पेटवला, दोन भाकऱ्या थापल्या, कालवण गरम केलं आणि मुकुंदच्या ताटावर मी बसले. म्हटलं, “मला एकटीला जेवायला नको वाटतं. तुमचं झालंय, तरी बसा नुसते समोर.”

तात्या बसले. मी भाकरी मोडून त्यांच्या ताटात टाकली. त्यांनी ती बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि जेवायला लागले. आधी सावकाश, मग भराभर. दोन भाकऱ्या संपल्या तेव्हा मी तिसरी थापली. त्यांनी नको म्हटलं नाही. आठवड्याची भूक होती ती. त्या खाली घातलेल्या मानेकडे बघून मला कळून चुकलं की नव्या घरात डबे मांडण्याचा माझा बेत ह्या ताटापायी मोडणार.

संध्याकाळी पूर्वाला तात्यांजवळ ठेवून मी चालत उद्यमनगरात गेले. मुकुंद कारखान्याच्या दारात मोटरसायकल पुसत होते. मला बघून चपापले.

“आज मी पण येते दाराला हात लावायला,” मी म्हटलं. “तुमच्या त्या मोकळ्या रस्त्यानं.”

“कशाला? धूळ आहे.”

“धूळ हायवेला आहे म्हणालात.”

त्यांनी पुसायचं फडकं खिशात कोंबलं. गाडी काढली. शहर सुटलं, आम्ही आतल्या रस्त्याला वळलो, आणि पहिल्याच गावाच्या वेशीत पुढं उसाचा ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, दोन्हींतून ऊस बाहेर ओसंडलेला. रस्ता तेवढ्याच रुंदीचा. त्या ट्रॅक्टरच्या पुढं आणखी एक ट्रॅक्टर, त्याच्या पुढं आणखी एक. गळीत हंगाम ऐन भरात होता आणि तो रस्ता थेट साखर कारखान्याकडे जात होता. कोल्हापूरची मी, उसाच्या चरकावर वाढलेली, आणि रोज घरात येणारा हिरव्या वाढ्याचा ऊस बघून माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. एवढा जाड ऊस हातात यायला माणसानं उसाच्या मागं किती वेळ उभं राहायला हवं.

गाडी थांबली की मुकुंद एक पाय टेकवत. पुन्हा दोन हात पुढं, पुन्हा पाय. शेवटी पुढच्या ट्रॅक्टरनं कडेला जागा दिली. आम्ही त्याच्या बरोबरीला आलो तेव्हा ड्रायव्हरनं वरून वाकून हाक मारली.

“काय मुकुंदराव, आज वैनींना घेऊन?” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “वैनी, हे तुमचं पावणं रोजचं गिऱ्हाईक हाय आमचं. परवा तर पाटापाशी ट्रॉली पलटी झाली, तवा आमच्याबरोबर ऊस भरू लागलं. घ्या, पोरीला एक न्या.” त्यानं मागं हात घालून एक कांडं उपसलं आणि माझ्या मांडीवर दिलं.

गुरुवारचं ‘काम जास्त होतं’ ते म्हणजे ही पाटापाशी पलटलेली ट्रॉली. मला आणखी हिशोब जुळवायची गरज उरली नव्हती. पुढं जाईपर्यंत आणखी दोघांनी त्यांना नावानं हाक मारली. मी मागं ऊस धरून बसले होते आणि मुकुंदची मानसुद्धा वळत नव्हती.

त्या घराच्या दारात पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. भिंतींना रंग लागायचा होता. पुढं वाळूचा ढीग. मुकुंदनी गाडी लावली आणि नेमानं दाराला हात लावला.

“मोकळा रस्ता,” मी म्हटलं.

“हंगाम संपला की मोकळाच की.”

“हंगाम संपेपर्यंत अर्धं वर्ष जातं. तुम्ही रोज असे येणार? जेवताना झोपणार?”

“तू सहा वर्षं येतेसच की.”

“मी एसटीनं येते.”

“बसायला मिळतं का एसटीत?”

“कधीकधी.”

“मला गाडीवर रोज मिळतं,” मुकुंद म्हणाले.

ह्यावर मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. ते पुढं सांगत होते. मी संध्याकाळी आल्यावर पूर्वाला विचारते आणि ती ‘सांगितलं की’ म्हणते, तेव्हा माझं तोंड कसं होतं ते त्यांनी रोज पाहिलं होतं. मला वाटत होतं ते कुणालाच दिसत नाही. ते म्हणाले, “पोर तुझ्याजवळ पाहिजे. रस्त्याचं काय, रस्ता सरतो.”

मला तिथंच गप्प बसून सोमवारी इसार देता आला असता. खिडकीतून आतला ओटा दिसत होता. पण दुपारी खाली मान घालून जेवणारे तात्या डोळ्यांपुढून हलत नव्हते, म्हणून मी म्हशीची गोष्ट सांगितली. मुकुंद आधी हसले. मग वाळूच्या ढिगावर बसले.

“आठवडाभर?” त्यांनी विचारलं.

“वांगी म्हशीनं खाल्ली नाहीत म्हणून कळलं.”

त्यांनी वाळूत बोटं फिरवली. मग उठले आणि पॅंट झटकली. “राहू दे मग,” म्हणाले. मीही म्हटलं, राहू दे. निघताना मी दाराला हात लावला. माझी ती पहिलीच वेळ होती, आणि मला वाटलं शेवटचीही तीच.

घरी तात्या आणि पूर्वा वाट बघत बसले होते. आठवड्याचा निकाल ऐकायला तात्यांनी मशीनवर कापड झाकून ठेवलं होतं. मी सांगून टाकलं की घर घ्यायचं नाही. रस्ता कसा आहे ते सांगितलं, ऊस समोर ठेवला. तात्या लेकावर उखडले.

“कच्च्या टाक्यात खोटं बोलतोस व्हय रे? मग ट्रायल ती कसली? गिऱ्हाइकानं ‘काखेत ओढतंय’ म्हणायला नको?”

“आणि तुम्ही?” मुकुंद म्हणाले. “तुम्ही जेवत होता का?”

“माझा काय संबंध? घालायचं तुमाला हाय, मला न्हाई.”

“म्हशीला भाकरी कुणी घातली?”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पूर्वाकडे बघितलं. पूर्वा म्हणाली, “मी नाही सांगितलं हं. तात्यांनी देवाशप्पत घातली होती.” म्हणजे तिलाही माहीत होतं. घरात ज्याला त्याला काही ना काही माहीत होतं, आणि जो तो मला ते घर मिळावं म्हणून तोंड मिटून बसला होता.

तात्यांचा आवाज खाली आला. म्हणाले, “मी प्रयत्न केला. ताट मांडून बसायचो. पण एकट्यानं घास खाली उतरत न्हाई, त्याला काय करू? होईल सवय. न्हाई झाली तर माझं कितीसं राहिलंय. तुमी घर घ्या.”

आम्ही दोघांनी एकदमच नाही म्हटलं. त्या संध्याकाळी ऊस तसाच भिंतीला टेकून राहिला.

रविवारी सकाळी जाग आली ती तेलाच्या वासानं. तात्यांनी मशीन मधोमध ओढलं होतं आणि पायट्याला तेल घालत होते. पट्टा काढून गुंडाळून ठेवला होता. कात्री, खडू, टेप, सगळं एका पिशवीत.

“हे काय काढलंय?” मी विचारलं.

“मशीन न्यायचंय. मुकुंदाच्या कारखान्याशेजारी चहावाल्याचा कट्टा हाय, वर पत्रा हाय. त्याला आज पहाटेच निरोप धाडलाय, तुमी झोपला होता तवा. उद्यमनगरात एवढी माणसं कामाला, एप्रन फाटत्यात, अंगभर घालायच्या डांगऱ्या उसवत्यात. शिवायला कोण हाय तिथं?”

मला अजूनही उलगडेना. मुकुंद दात घासता घासता दारात येऊन उभे राहिले.

तात्या आमच्याकडे बघून म्हणाले, “अरे, कच्चं टाचतात ते कापड टाकून द्यायला न्हाई. कुठं ओढतंय ते कळायला. कळलं. दुपारच्याला ओढायलंय. तिथं जरा सोडलं की बसतंय. मी बी रोज तुझ्या मागं बसून येणार. दुपारी तिथंच जेवू दोघं.”

“ह्या वयात?” मुकुंद म्हणाले. “रोज एवढा रस्ता? ट्रॅक्टरमागं?”

“गाडी तू चालवणार. मला नुसतं बसायचंय. बसून तर हयात गेली माझी.”

वाद बराच झाला. मी विरोध केला, मुकुंदनी केला, द्वारकाकाकू बोलावल्याशिवाय येऊन विरोध करून गेल्या. पण ज्या माणसानं नवरदेवाला पांढऱ्या टाक्यांत बोहल्यावर चढवलं, त्याच्यापुढं कुणाचं काय चालणार. सोमवारी आम्ही इसार दिला.

त्या घरात आम्ही राहायला गेलो आणि अजून तिथंच आहोत. पूर्वा माझा हात धरून शाळेतून परतायची आणि वाटेत मला ताजी बातमी मिळायची, त्याबद्दल लिहायला बसले तर दुसरंच काही होईल. सांगायचंय ते त्या मोटरसायकलचं. आम्ही एक जुनी घेतली होती. रोज सकाळी मुकुंद ती दारात काढायचे, उजव्या पायाच्या चवड्यानं मागचं फूटरेस्ट खाली पाडायचे, मग डावीकडं येऊन तेही पाडायचे, आणि तात्या त्यांच्या खांद्याला धरून मागं बसायचे. कॉलनीच्या तोंडाशी पोचायच्या आत तात्यांची आरोळी ऐकू यायची, “मुकुंदा, आज डब्यात काय हाय रे?” डबा त्यांच्याच मांडीवर असायचा, पण विचारायचे रोज.

वाऱ्यात ऐकू जावं म्हणून ते ओरडून बोलायचे. ट्रॅक्टरमागं गाडी थांबली तरी आवाज खाली यायचा नाही, त्यामुळे आमच्या घरातल्या बऱ्याच गोष्टी वाटेवरच्या गावांना कळल्या. परतताना कॉलनीत शिरले तरी दोघांचं चाललेलंच असायचं. मी एकदा मुकुंदना विचारलं, एवढं काय बोलता? आणि पूर्वी घरी जेवताना काय बोलायचात?

“पूर्वी?” ते विचार करून म्हणाले. “पूर्वी तात्या म्हणायचे, ‘वाढू?’ मी म्हणायचो, ‘बास.’”

“एवढंच?”

“एवढंच. आई गेल्यावर समोरासमोर बसलं की दोघांनाही तिची आठवण यायची. मग ताटाकडे बघून जेवायचं. गाडीवर बरं पडतं. मी रस्त्याकडे बघतो, ते माझ्या पाठीकडे. परवा आईच्या माहेरच्या चिंचेची गोष्ट सांगत होते. मला माहीतच नव्हती.”

मी इतकी वर्षं समजत होते की माझ्या घरापायी त्या बापलेकांचा रोजचा वेळ रस्त्यात गेला.

तात्या शेवटपर्यंत त्या कट्ट्यावर शिवत होते. एका हिवाळ्यात थोडा ताप आला, मग छाती भरली, आणि आठवडाभरात ते गेले. हंगाम तेव्हाही भरात होता. त्यांना शेवटचं घेऊन निघालो तेव्हा रस्त्यातल्या ट्रॅक्टरवाल्यांनी आपापले गाण्यांचे टेप बंद केले आणि गाड्या कडेला घेतल्या.

त्यांचे दिवस झाले. मुकुंद पहिल्यांदा कामाला निघाले त्या सकाळी मी दारात डबा घेऊन उभी होते. त्यांनी गाडी काढली. उजव्या पायाच्या चवड्यानं मागचं फूटरेस्ट खाली पाडलं. मग डावीकडं आले आणि तेही पाडलं. पाडल्यावर तिथंच उभे राहिले. पाय पुन्हा उचलून ती वर ढकलायची, एवढंच काम होतं, पण ते त्यांच्यानं होईना.

मी चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि जाऊन मागं बसले.

“तुझी शाळा?” त्यांनी विचारलं.

“साडेदहाला आहे. उद्यमनगरापर्यंत येते. तिथून एसटीनं परत येईन.”

“बसायला मिळायचं नाही ह्या वेळी.”

“येताना नाही मिळालं तर नाही. जाताना मिळालंय की.”

ते गाडीवर बसले. किक मारली. कॉलनीचं तोंड आलं तसा मी डबा मांडीवर नीट धरला, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि चार घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, “आज डब्यात काय आहे हो?”

मुकुंदनी मान वळवली नाही. वेशीतला पहिला ट्रॅक्टर दिसेपर्यंत त्यांची पाठ नुसती हलत होती. मग गाडी थांबली, त्यांनी पाय टेकवला, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाले, “वांगी असतील तर म्हशीला घालू.”